वानराचं सुतक

"बाई, तुमचं आजोबा कुठं असत्यात?" आबासाहेबांनी विचारलं.

"वारले," मी म्हटलं.

"वारायच्या आधी?"

"सांगलीला. पोस्टात होते."

"म्हंजी झाडावर न्हवतं." आबासाहेब खुर्चीत ऐटीत मागं रेलले आणि कंबरेत कळ आली म्हणून लगेच पुन्हा ताठ झाले. "मग आमचंच आजोबा कशापायी झाडावर चढवलं तुमी?"

हेडमास्तर तासगावकर सरांनी डोळे मिटून घेतले. संकट आलं की ते डोळे मिटायचे. अर्धशिशीचा त्रास आहे असं सांगायचे, पण ती अर्धशिशी नेमकी संस्थेचे अध्यक्ष ऑफिसात आले की उठायची.

आबासाहेब खराडे म्हणजे आमच्या ढोकरवाडी हायस्कूलच्या संस्थेचे अध्यक्ष. पाझर तलाव आणि बंधारे बांधण्याची कंत्राटं घ्यायचे. त्यांची नात वैजयंता माझ्याच दहावीच्या वर्गात होती, आणि आग लावली होती तिनंच. मी उत्क्रांतीचा धडा शिकवला त्या दुपारी ती घरी गेली आणि जेवणाऱ्या आजीला म्हणाली, "आज्जी, आपुन समदी माकडाची पोरं." आजी भरल्या ताटावरून उठली. खराड्यांच्या घरात आजी ताटावरून उठली की आबासाहेबांनाही जेवता येत नसे. त्यामुळं ते माझ्याकडं आले तेव्हा धर्म बुडाल्याचा राग होताच, शिवाय पोटात भूकही होती.

मी असलं काही शिकवलं नव्हतं. माणूस आणि वानर यांचा मूळ पूर्वज कोट्यवधी वर्षांमागं एकच होता, एवढंच मी सांगितलं होतं. पण शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेत वैजूनं मधल्या सगळ्या पिढ्या गाळल्या होत्या.

"आबासाहेब, पुस्तकात आहे ते मी शिकवलं," मी म्हटलं.

"पुस्तकात कायबी आसंल. आपल्या गावचा देव मारुती. चैतात त्याची जत्रा भरती. आन त्याच गावात तुमी सांगताय का ह्ये समदं आपोआप झालं, देवाचा हात न्हाई?" त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "म्या बंधारा बांधतो. मुकादम लागतो, विंजनेर लागतो, नकाशा लागतो. तरीबी गळतो. आन ह्यो डोळा, ह्यो कान, ही पाच बोटं, ह्ये बिनमुकादमाचं झालं व्हय? कुणीतरी नकाशा काढल्याबिगर?"

प्रश्न चांगला होता. मोठमोठ्या विद्वानांनी विचारलेला आहे. मी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही. याआधीच्या दोन शाळा मी याच गुणावर सोडल्या होत्या.

"तुमची कंबर कशी आहे?" मी विचारलं.

"कंबरंचं काय मधीच? पट्टा लावलाय डागतरनं."

"ती कंबर आधी चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याची होती. तीच पुढं उभी केली, म्हणून दुखते. नकाशा काढून कुणी माणूस बनवला असता, तर अशी कंबर दिली असती का? आणि दिली असती, तर त्या मुकादमाला तुम्ही पुढचं काम दिलं असतं?"

तासगावकर सरांना चहाचा ठसका लागला. आबासाहेबांचा हात नकळत कंबरेकडं गेला, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो मिशीवर आणला.

"देवाच्या कामात खोट काढतीया," ते सरांना म्हणाले. जणू मी तिथं नव्हतेच. "ह्ये बघा सर. शनिवारी पराथनेला बाईंनी समद्या पोरांफुडं सांगायचं का ह्यो धडा खोटा हाय, वानराचा आन आपला काय संबंध न्हाई. सांगितलं तर कमिटीत ह्यांस्नी कायम करतो. न्हाई तर एप्रिलात नारळ."

आता माझं यात काय अडकलं होतं ते सांगते. माझी दोन वर्षांची परिवीक्षा त्या एप्रिलमध्ये संपत होती, आणि वडिलांशी माझा करार झालेला होता. नोकरीत कायम झाले तर लग्न माझ्या मर्जीनं, नाही झाले तर मामाच्या मुलाशी. मामाच्या मुलाचं मिरजेला खताचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या प्रत्येक वाक्याला आपणच हसायचा आणि समोरचा का हसत नाही म्हणून त्याला कोपरानं ढोसायचा. तो आमच्याकडं येऊन गेला की माझी बरगडी दुखायची. जन्मभर ते ढोसणं सोसायचं की शनिवारी दोन वाक्यं बोलायची, असा सरळ सवाल होता.

"बोलून टाका हो हेर्लेकर बाई," आबासाहेब गेल्यावर तासगावकर सर म्हणाले. "मी बावीस वर्षं काय काय बोलत आलोय. पृथ्वी काही थांबत नाही."

"आणि पोरांनी परीक्षेत काय लिहायचं?"

"तो प्रश्न ऑप्शनला टाकतील."

मी बोलणार नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले. शनिवार येईपर्यंत अध्यक्षांचा राग वाढू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यातून एक तोड काढली. तो धडा पोरांच्या नजरेआड करायचा. पानं फाडली तर सरकारी पुस्तकाची नासाडी, म्हणून ती शिवून टाकायची. कार्यानुभवाच्या तासाला अख्ख्या दहावीला सुई-दोरा देऊन बसवलं आणि ज्याचं पुस्तक त्यानंच शिवायचं असा हुकूम निघाला. मुलींनी सुबक धावदोरा घातला. मुलांनी गोणी शिवतात तसं शिवलं. सर रांगांमधून फिरत टाके तपासत होते आणि एका मुलीला तर त्यांनी शाबासकीही दिली.

त्या आधी माझ्या वर्गात धडा धडपणे वाचून येणारी फार तर चार पोरं होती. दुसऱ्या दिवशी एकूणएक पोरांना तो तोंडपाठ होता. रातोरात सगळे टाके उसवले गेले होते. शिवून ठेवलंय त्या अर्थी आत काहीतरी बघण्यासारखं असणार, असं गावातल्या मोठ्या माणसांनाही वाटलं, आणि ज्यांनी शाळा सोडल्यापासून पुस्तकाला हात लावला नव्हता त्यांनीही कंदिलाशी धरून तो वाचला. पारावर जीवाश्मांची चर्चा झाली. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या एका शिंप्याला लोक जागा दाखव म्हणून सदरा वर करायला लावू लागले.

आणि मग शुक्रवारी म्हाताऱ्या मेला.

म्हाताऱ्या म्हणजे गावच्या वानरांच्या टोळीतला सगळ्यात थोराड हुप्प्या. भुईमुगाचे वेल उपटणं, पत्रे खिळखिळे करणं, वाळवणावरचे पापड पळवणं ही त्याची नित्याची कामं. जिवंत होता तोवर गावानं त्याला गोफणीनं हाणलं, फटाके लावले, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. शुक्रवारी सकाळी आबासाहेबांच्या गोठ्यावरून उडी मारताना त्याचा हात विजेच्या तारेला लागला, आणि तो अंगणात धप्पकन पडला तो उठलाच नाही. पडल्याक्षणी तो मारुतीराया झाला.

आमच्याकडं ही रीतच आहे. वानर गावात मेलं की त्याचं सगळं माणसासारखं करायचं. तिरडी बांधली. गुलाल, हार, भजनी मंडळ, पुढं हलगी. दहावीच्या पोरांना तिरडीमागं दोन-दोनच्या रांगेत चालवलं, आणि रांग नीट राहावी म्हणून शिक्षकांनाही नेलं. म्हाताऱ्या आबासाहेबांच्या अंगणात पडला म्हणून अग्नी द्यायचा मान त्यांचा. ते उघड्या अंगानं, पट्टा बांधलेल्या कंबरेवर ओला पंचा गुंडाळून, खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरले. कालच त्यांच्या हरभऱ्याची वाट लावली म्हणून त्याच म्हाताऱ्याला बंदूक आणतो म्हणालेला माणूस तो हाच. आज डोळ्यांतून खरोखरीचं पाणी गळत होतं. खोटं नव्हतं ते. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

शनिवारी मी शाळेत गेले ती मन घट्ट करूनच. प्रार्थनेला उभी राहीन आणि बोलणार नाही म्हणून सांगेन, असं ठरवलं होतं. फाटकातच तासगावकर सर धापा टाकत आडवे आले.

"आज काही बोलू नका!"

"मी बोलणारच नव्हते, सर."

"तसं नव्हे हो. म्हणालात तर लोक दगड मारतील. गाव सुतकात आहे. वानराचा आणि आपला काही संबंध नाही, हे आज उच्चारायची सोय आहे का?"

"पण आबासाहेबांनी..."

"आबासाहेबांचाच निरोप आहे. मयताविषयी असलं अभद्र बोलणं त्यांच्या घरात चालणार नाही." सरांनी टकलावरचा घाम पुसला. "आणि कमिटीची सभाही पुढं ढकललीय. सुतकात सभा कशी घेणार? बाई, तुमच्या त्या वानरानं मेल्यावर का होईना, तुम्हाला थोडे दिवस मिळवून दिले."

त्यांनी "तुमच्या" म्हटलं हे माझ्या ध्यानात आलं. परवापर्यंत तो फक्त शेंगा चोरणारा हुप्प्या होता. आता तो आबासाहेबांचा मयत होता आणि माझा आश्रयदाता होता. पुढचे नऊ दिवस खराड्यांच्या घरात देवाची पूजा बंद, गोडधोड बंद, आबासाहेबांची दाढी वाढलेली. पण हे सगळं आपण कुणासाठी करतो, कुठल्या नात्यानं करतो, हा प्रश्न अख्ख्या गावात कुणाला पडला नाही. मला पडला होता, पण त्या वेळी मात्र मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच.

गावाला तो प्रश्न पडला दहाव्याच्या दिवशी, नदीच्या घाटावर, आणि तो विचारला अग्निहोत्री गुरुजींनी. गुरुजी तालुक्याहून आलेले. त्यांना परत जायला दुपारची एकच एस्टी होती, म्हणून ते सगळं भराभरा उरकत होते. घाट गच्च भरला होता. आबासाहेबांनी आणि खराड्यांच्या भावकीतल्या पुरुषांनी मुंडण करून घेतलं होतं आणि त्या गोटा डोक्यांवर ऊन चमकत होतं. तासगावकर सरांचा मुंडणाचा प्रश्न देवानं आधीच सोडवलेला होता, पण ऊन सोसत नाही म्हणून ते भली मोठी काळी छत्री उघडून पिंडांच्या अगदी जवळ उभे होते. अध्यक्षांना आपण दिसावं हाही एक हेतू होता.

"मृताचं नाव?" गुरुजींनी दर्भ सारखे करत विचारलं.

"मारुतीराया," आबासाहेब म्हणाले.

"देवाला पिंड देत नाहीत. देव मरत नसतो. दुसरं नाव सांगा."

"मग म्हाताऱ्या म्हना."

"म्हाताऱ्या. बरं. गोत्र?"

आबासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "त्याचं गोत्र आमाला काय ठावं?"

"माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. सगळी भूतमात्रं कश्यपाचीच. तुमचं कुठलं?"

"आमचं बी काश्यपच."

"वा. म्हणजे सगोत्र झालात." गुरुजी आनंदानं पुढं सरकले. "आता नातं सांगा. मी संकल्प म्हणतो."

"कुनाचं नातं?"

"तुमचं आणि मृताचं. पिता, पितामह, मातुल, भ्राता, जे असेल ते. नात्याशिवाय पिंड कुणाच्या हाती पोचणार? पत्ता नसलेलं पत्र आहे का हे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाप म्हना की. मुंडान बापासाठीच करत्यात."

"बाप?" आबासाहेब गरकन वळले. "माझ्या बापाचा पिंड म्या ह्याच घाटावर दिलाय! मानसाला दोन बाप आसत्यात व्हय रं?"

"मग आज्जा म्हना."

आज्जा हा शब्द ऐकला आणि आबासाहेबांचा चेहरा पडला. त्यांच्या मागं पायरीवर त्यांची बायको, म्हणजे भरल्या ताटावरून उठलेली ती आजी, पदर ओढून बसली होती. तिनं नुसतं वर बघितलं. आजा म्हणायची सोय उरली नाही.

"कुणीच नसेल तर मुंडण का केलंत?" गुरुजींनी घड्याळ बघत विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं हो. त्यांना फक्त संकल्पातली रिकामी जागा भरायची होती.

आबासाहेबांनी ओल्या पंच्यानं डोकं पुसलं, गर्दीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी मुलींच्या रांगेशी उभी होते.

"बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमच्या त्या पुस्तकात नातं काय दिलंय?"

सगळा घाट माझ्याकडं वळला. विचारलेला प्रश्न माझ्या विषयाचा होता.

"बाप नाही आणि आजाही नाही, आबासाहेब," मी म्हटलं. "फार फार मागं एक मूळ घराणं होतं. त्याच्या दोन शाखा झाल्या. एक झाडावर राहिली, एक खाली उतरली. खाली उतरली ती आपली. आपण त्यांच्या पोटचे नाही, ते आपल्या पोटचे नाहीत. दोघांचा मूळ पुरुष तेवढा एक."

आबासाहेबांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हंजी भाऊबंद!"

"भाऊबंद."

"आवं, मग ह्ये आदी न्हाई का सांगायचं? वैजी म्हनली बाप!"

गर्दीत एकदम हलकल्लोळ झाला. भाऊबंद हा शब्द ढोकरवाडीत समजावून सांगावा लागत नाही. तिथं दर दुसऱ्या घराचा बांधावरून चुलत्याशी दावा चालू असतो. पारावरचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "तरीच म्हनलं, दरसाल आमच्याच शेंगा का उपटत्यात! वाटनी मागत्यात गड्यांनो, वाटनी!" लोक दहाव्याला आलो आहोत हे विसरून खो खो हसले. आजीनंही पदर तोंडाला लावला.

"पर थोरली पाती कुठली?" आबासाहेबांनी मला विचारलं. "त्येंची का आमची?"

"यात थोरली-धाकटी नसते. दोन्ही सारख्याच जुन्या."

"भाऊबंदात थोरली-धाकटी नसती व्हय?" हे मात्र त्यांना पटलं नाही. पण गुरुजींनी घाईघाईनं भ्राता म्हणून संकल्प उरकला आणि पिंड मांडले. मंडळी कावळ्यासाठी मागं सरली.

कावळा येईना.

समोरच्या उंबरावर पाच-सहा कावळे बसले होते. माना वाकड्या करून बघत होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय, हे उघड झालं. मग एकेक जण पुढं होऊन शब्द देऊ लागला. कुणी म्हणालं, शेतात गोफण चालवणार नाही. कुणी म्हणालं, चौथरा बांधू. पापडवाल्या काकूंनी दर उन्हाळ्यात एक पाट पापडांचा कबूल केला. कावळे तसेच. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून टाकू, शास्त्राला चालतं. आबासाहेबांनी ते साफ धुडकावलं. भाऊबंदाला खोटा कावळा शिववला म्हणून उद्या सगळ्या तालुक्यात तोंडात शेण घालतील, असं त्यांचं म्हणणं.

"मग आठवून बघा," गुरुजी रडकुंडीला येऊन म्हणाले. "ह्या मृताच्या प्रकरणात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणावर अन्याय होत असेल, तर बोलून टाका हो. माझी एस्टी जाईल."

पुन्हा सगळा घाट माझ्याकडं वळला. मी खाली बघितलं.

आबासाहेबांनी मोठा श्वास घेतला. पिंडांसमोर हात जोडून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "आयकतोस न्हवं म्हाताऱ्या? बाईंनी तुजं नातं जुळवलं. बाईंस्नी कायम करतो. धडा बी ऱ्हाईल!"

तासगावकर सरांना इतका आनंद झाला की हात जोडण्यासाठी त्यांनी घाईनं छत्री मिटली. छत्री मिटताच उंबरावरचा एक कावळा झपकन उतरला आणि त्यानं मधल्या पिंडाचा भला मोठा घास घेतला.

"शिवला! शिवला!" घाट दुमदुमला. बायकांनी मला कुंकू लावलं. गुरुजी धोतर आवरत एस्टीकडं पळाले.

छत्री मिटताना फक्त मी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात वैजूनं हात वर केला. "बाई, धडा खरा हाय ह्ये कावळ्याला कसं कळलं?"

आता मी काय करायला हवं होतं? फुकटात मिळालेला विजय पदरात बांधून गप्प बसायचं, हे कुणीही शहाण्या माणसानं केलं असतं. मी फळ्यावर उंबर काढला, पिंड काढले आणि त्यांच्या मधोमध हेडमास्तरांची छत्री काढली. काळी फडफडणारी छत्री उघडी होती तोवर कावळे भ्याले होते, ती मिटली तेव्हा उतरले, असं सांगितलं. वर्गानं ते आदरानं ऐकून घेतलं आणि एकाचाही विश्वास बसला नाही. अगदीच काही झालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पुढं कित्येक वर्षं त्या घाटावर कावळा अडला की आधी कुणीतरी ओरडायचं, "छत्र्या मिटा!" आणि मग नवस सुरू व्हायचे. दोन्ही केलेलं बरं, असा गावाचा विचार.

फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा झाली. उत्क्रांतीचे कोणतेही चार पुरावे लिहा, असा प्रश्न मी घातला होता. पुस्तक उसवून वाचलेलं असल्यामुळं पोरांनी बहार उडवली होती. जीवाश्म, अवशेषांगं, गर्भातली साम्यं, सगळं ओळीनं. आणि निम्म्या वर्गाचा चौथा पुरावा एकच होता. वैजूच्या मोत्यासारख्या अक्षरात तो असा होता: "४) पिंडाला कावळा शिवला."

मी निम्म्या वर्गाचा एकेक मार्क कापला.

तासगावकर सरांनी माझ्यापुढं अक्षरशः हात जोडले. कमिटीत माझा ठराव झाला होता, पण ऑर्डरवर अध्यक्षांची सही व्हायची होती. "नातीपुरता तरी द्या हो," ते म्हणाले. "पिंडाला कावळा शिवला हे ऐतिहासिक सत्य आहे. इतिहासात धरू." मी नाही म्हटलं आणि त्यांची अर्धशिशी उठली.

शाळा सुटल्यावर आबासाहेब एकटेच विज्ञानाच्या खोलीत आले. डोक्यावर नुकते खुंट फुटले होते. एका हातात वैजूची उत्तरपत्रिका, दुसऱ्या हातात माझी ऑर्डर. दोन्ही त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"कावळ्याला शून्य दिलंय."

"हो."

"कावळा शिवला का न्हाई?"

"शिवला."

"मग पोरीनं खोटं लिवलं?"

"खोटं नाही लिहिलं. पण तो पुरावा नव्हे."

"छत्रीचं सांगितलं वैजीनं." ते स्टुलावर बसले. "छत्री मिटली, कबूल. पर तासगावकरास्नी त्याच घटकंला छत्री मिटायची बुद्दी दिली कुनी?"

"तुम्ही. तुम्ही मला कायम करतो म्हणालात, म्हणून त्यांनी हात जोडले."

"म्हंजी कावळा म्या आनला?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

हे त्यांना बरं वाटलं असावं. पण लगेच त्यांनी ऑर्डरवर बोट ठेवलं. "बाई, नीट इचार करून बोला. ह्येच्यावर माजी सही हुनार ती त्या कावळ्यापायी. कावळा जर पुरावा न्हाई, तर माजा शबुद बी बांधील ऱ्हात न्हाई. कळतंय न्हवं?"

कळत होतं. मिरजेचं खताचं दुकान मला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्या दुकानाच्या गल्ल्याशी बसलेली मीही दिसत होते, आणि बरगडीत आत्तापासूनच दुखायला लागलं होतं. मला रडू येईल असं वाटलं, पण त्यांच्यासमोर ते येऊ द्यायचं नव्हतं.

"कळतंय," मी म्हटलं. "तरी मार्क नाही मिळणार. तुम्हाला भिऊन मी धडा खोटा म्हणणार नव्हते, आबासाहेब. आता कावळ्याला भिऊन खरा म्हणू का?"

वैजूची उत्तरपत्रिका उचलून आबासाहेबांनी ते चौथं वाक्य ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"तुमच्या जागी दुसरी बाई नेमली, तर ती दील मार्क?"

"लगेच देईल. अध्यक्षांच्या नातीला दोन देईल."

"तेच म्हनतो म्या." त्यांनी पेपर खाली ठेवला. "मार्क देनाऱ्या बाया तालुक्यात ढिगानं पडल्यात. ह्या पोरीला मला डागतर करायचीया. कावळं बघून औशिद देनारी डागतर काय कामाची?"

आणि टेबलावरचं माझं लाल पेन उचलून त्यांनी ऑर्डरवर सही केली.